यंदाचा मिथुन उल्कावर्षाव (१३-१४ डिसेंबर): नागपूरकर कुठून बघणार?

टेकडीवाला (२१ नोव्हेंबर, रात्री ९:५०)

मंडळी, दरवर्षीचा अनुभव असा. १३ डिसेंबरला व्हॉट्सअॅपवर 'आज रात्री ताऱ्यांचा पाऊस' असा मेसेज फिरतो. आपण जेवून गच्चीवर जातो, मान अवघडेपर्यंत वर बघतो, एखाद-दोन उल्का दिसतात, आणि 'पेपरवाले काहीही छापतात' म्हणत खाली येतो. यंदा तसं होऊ नये म्हणून तीन आठवडे आधीच धागा काढतोय.

यंदा एवढी घाई कशासाठी, तर चंद्रासाठी. ९ डिसेंबरला सकाळी अमावास्या संपते. म्हणजे वर्षावाच्या वेळी चंपाषष्ठीच्या मागचापुढचा कोवळा चंद्र असेल. तो १३ ला साडेनवाच्या आत आणि १४ ला दहाच्या सुमारास मावळतो, पुढची अख्खी रात्र काळीकुट्ट. पौर्णिमेच्या आसपास वर्षाव आला की निम्म्याहून जास्त उल्का चांदण्यात बुडतात, तेव्हा ही संधी सोडू नका. ऑगस्टच्या ययाती उल्कावर्षावाचं जगभर कौतुक असतं, पण ऑगस्टात नागपूरच्या डोक्यावर ढगांचं छत. आपल्या गावाचा खरा वर्षाव डिसेंबरचाच. आकाश कोरडं, हवा स्थिर, थंडी कडाक्याची.

वेळेचं गणित नीट समजून घ्या. वर्षावाचा कळस १४ तारखेला (सोमवार) आपल्याकडच्या संध्याकाळच्या आसपास येतोय. जेमिनिड्स, म्हणजे या मिथुन उल्का, संख्येने चढतात हळूहळू आणि उतरतात झपकन. म्हणून रविवारी रात्री बघणार असाल तर जितकं उशिरा तितकं चांगलं, सोमवारी बघणार असाल तर चंद्र मावळला की लगेच सुरुवात करा. उल्का ज्या बिंदूतून आल्यासारख्या वाटतात तो उगमबिंदू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी कॅस्टरच्या जवळ आहे. तो सव्वासातला ईशान्येला उगवतो, दहाला साधारण ३५ अंशांवर येतो आणि रात्री दोनच्या थोडं पुढे जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे जेवणानंतर लगेच गच्चीवर गेलेल्यांना फार काही दिसत नाही, यात नवल नाही.

आता बातम्यांत येणारा तो 'ताशी १५० उल्कां'चा आकडा. हा आकडा खोटा नाही, पण तो आदर्श परिस्थितीचा आहे: उगमबिंदू बरोबर डोक्यावर आणि आकाश इतकं काळं की साडेसहा प्रतीपर्यंतचे तारे डोळ्यांना दिसावेत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). धंतोली-सदरमधून चौथ्या प्रतीचा तारा दिसला तरी नशीब. बहुतेक उल्का मंद असतात, त्यामुळे आकाश जरा उजळलं की संख्या धाडकन कोसळते. माझ्या हिशेबाने मध्यरात्रीनंतर शहरात तासाला दहा-बारा, शहराबाहेर बऱ्यापैकी अंधाऱ्या खेड्यात चाळीस-पन्नास आणि खऱ्या अंधारात शंभराच्या आसपास. म्हणजे दुर्बीण नको, अॅप नको, पैसेही फारसे नकोत. अंधार हवा. तेव्हा प्रश्न एकच: जायचं कुठे? आपापल्या जागा सांगा.

---

इतवारीचा_पोट्टा (२१ नोव्हेंबर, रात्री १०:१५)

भाऊ, फुटाळा तलावावर गेलो तर नाही का चालणार बे? चहा पण भेटते तिथं.

---

टेकडीवाला (२१ नोव्हेंबर, रात्री १०:२२)

चहा भेटते, उल्का नाही भेटत :)

---

वैदर्भी (२१ नोव्हेंबर, रात्री १०:४०)

धागा काढल्याबद्दल धन्यवाद! आम्ही गेल्या वर्षी कळमेश्वरच्या पुढे नातेवाइकांच्या शेतावर गेलो होतो. आकाश शहरापेक्षा किती तरी चांगलं होतं, पण पूर्वेकडे सगळी नारिंगी झाक. दहा-अकरापर्यंत जवळजवळ काहीच हाती लागलं नाही, बारानंतर मात्र मजा आली. जागा चुकली की वेळ?

---

टेकडीवाला (२१ नोव्हेंबर, रात्री ११:०५)

@वैदर्भी, दिशा. काटोल-कळमेश्वर रस्त्याने गेलं की नागपूर तुमच्या पूर्वेला राहतं. उगमबिंदू ईशान्येलाच उगवतो, म्हणजे पहिले काही तास तो थेट शहराच्या उजेडात. मध्यरात्रीनंतर तो वर सरकला आणि उजेड खाली क्षितिजाशी राहिला.

या हिशेबाने प्रत्येक रस्ता तपासता येतो. वर्धा रोडला मिहान आणि बुटीबोरी, हिंगण्याला एमआयडीसी, तिकडे बघायलाच नको. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, ती ओलांडून सावनेरकडे गेलं तर उजेड दक्षिणेला पडतो, बरं आहे. उमरेड रोडला खाणींचे दिवे लागण्याआधीच डावीकडे कुही-मांढळच्या बाजूला आत शिरलं तर शहर वायव्येला राहतं आणि पूर्व मोकळी मिळते. सगळ्यांत उत्तम रामटेक-मनसरची बाजू. तिथून नागपूर नैऋत्येला, पाठीमागे. समोर ईशान्येला जंगल.

---

धंतोलीकर_काकू (२२ नोव्हेंबर, सकाळी ७:३०)

टेकडीवाला दादा, छान माहिती. पण रात्री एक वाजता कुही-मांढळच्या आडरस्त्यावर गाडी उभी करून बायकामुलांना घेऊन झोपायचं, हे मला काही पटत नाही. आधी ओळखीचं शेत, मग आकाश. आमच्याकडे माझी सासू ऐंशीच्या पुढची, तिलाही बघायचंय. लहानपणी अंगणात बाजेवर झोपून तिने पुष्कळ तारे तुटताना पाहिलेत. 'कोणी तरी गेलं' असं म्हणायची पद्धत होती, आता मात्र 'किती झाले गं?' असं मोजते.

---

काटोलकर (२२ नोव्हेंबर, सकाळी ९:१०)

काकूंचं बरोबर आहे. मी शेतकरी माणूस, या दिवसांत आमची लाईन रातच्याच पाळीत येते, त्यामुळे ओलितासाठी रात्रभर वावरातच. वरून रानडुकराची जागल. मचाणावर बसून जितक्या उल्का आम्ही पाह्यल्या, तितक्या शहरातल्या दुर्बिणीवाल्यानं पाह्यल्या नसतील. कोणी मोजल्या नाहीत इतकंच.

एक महत्त्वाचं सांगतो. अनोळखी वावरात अंधारात शिरू नका. हरभऱ्याच्या, संत्र्याच्या बागेच्या धुऱ्याधुऱ्यानं झटका मशीनची, म्हणजे डुकरांना शॉक देणारी, तार ओढलेली असते. ती रात्री दिसत नाही, आणि काही ठिकाणी लोक मशीन सोडून थेट लाईन जोडतात, ते जीवघेणं आहे. रात्री बॅटरी घेऊन कोणी वावरात फिरताना दिसलं तर गावातले लोकही चोर समजून उठतात. आधी फोन करा, शेतमालकाला सांगा, तो स्वतःच बाज टाकून देईल.

आणि आमच्या काटोलात तर आकाशातून खरोखरच दगड पडले होते, २२ मे २०१२ ला, भर दुपारी. आवाज झाला, लोक बाहेर धावले. मग सर्वे ऑफ इंडियावाले येऊन तुकडे गोळा करून गेले.

---

शंकासुर (२२ नोव्हेंबर, दुपारी १२:४५)

मग उल्कावर्षावाच्या रात्री असा दगड डोक्यात पडायची शक्यता किती? गंभीरपणे विचारतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू आहे.

---

टेकडीवाला (२२ नोव्हेंबर, दुपारी २:२०)

@शंकासुर, सोसायटीला सांगा, निर्धास्त झोपा. वर्षावातल्या उल्का म्हणजे वाळूच्या कणापासून खड्याएवढा ऐवज. सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात आणि जमिनीपासून ८०-१०० किलोमीटर वरच जळून संपतात. काटोलचे दगड कुठल्याही वर्षावातले नव्हते, तो लघुग्रहाचा वेगळा मोठा तुकडा. (@काटोलकर, तो सर्वे म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, जीएसआय. त्याच दगडात पुढे संशोधकांना ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं, जे पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल भरलेलं असतं पण हाती लागणं महाकठीण. २०२१ साली त्यावर शोधनिबंध आला. काटोलचं नाव संत्र्याशिवायही जगात पोचलंय ते असं.)

जेमिनिड्सची गंमत वेगळीच. बाकीचे बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात: ययाती वर्षाव स्विफ्ट-टटलचा, मृगाचा ऑक्टोबरातला वर्षाव हॅलेचा. हा मात्र फेथॉन नावाच्या पिंडाचा. १९८३ साली आयरास उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला, दिसतो लघुग्रहासारखा, एरवी शेपूट-बिपूट काही नाही. साधारण एक वर्ष पाच महिन्यांत सूर्याची फेरी करतो आणि दर फेरीत बुधाच्याही आत शिरून भाजून निघतो. एवढा कचरा त्याने कधी आणि कसा टाकला, यावर अजून एकमत नाही. कण धूमकेतूच्या धुळीपेक्षा घट्ट, वेग बेताचा, म्हणून या उल्का सावकाश, ठसठशीत आणि कधी पिवळसर दिसतात. सिंह राशीतल्या नोव्हेंबरच्या उल्का याच्या दुप्पट वेगाने येतात, डोळा वळवेपर्यंत गायब.

---

इतवारीचा_पोट्टा (२२ नोव्हेंबर, दुपारी ३:००)

गुढीपाडव्याला आपल्याकडून जे जळत गेलं होतं ते काय होतं मग? मी गच्चीवर होतो. लोकं ओरडून राहिले होते, उल्का पडली म्हणून.

---

ट्रायपॉड (२२ नोव्हेंबर, दुपारी ३:३५)

२ एप्रिल २०२२. ती उल्का नव्हती. रॉकेटचे अवशेष होते, चिनी रॉकेटचे असावेत असं तेव्हा तज्ज्ञांनी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं, फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. ओळखायची खूण सोपी आहे. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. ते तुकडे आडवे, रांगेने, आरामात आकाश ओलांडत गेले आणि लोकांना खिशातून मोबाइल काढून व्हिडिओ करायला वेळ मिळाला. व्हिडिओ काढण्याइतका वेळ मिळाला तर ती उल्का नाही, असं समजायला हरकत नाही.

---

वैदर्भी (२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०)

पेंचबद्दल कोणी बोलेल का? डार्क स्काय पार्क झालंय ना ते?

---

डोंगरवाट (२२ नोव्हेंबर, रात्री ८:४५)

हो. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आशियातलं पाचवं. सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून फक्त जमिनीकडे उजेड टाकणारे लावले. हे काम मला फार आवडलं. अंधार जपायला गावं काळोखात लोटावी लागत नाहीत, दिव्याचं तोंड खाली केलं तरी पुष्कळ होतं. आपल्याकडे गल्लीतला पांढराफक्क एलईडी समोरच्याच्या बेडरूममध्ये आणि आकाशात सारखाच उजेड टाकतो.

सिल्लारी नागपूरहून सत्तर-ऐंशी किलोमीटर. जबलपूर रस्त्याने मनसर, पुढे पवनीहून आत. पण 'चला, गाडी काढा' म्हणत जाण्याची जागा ती नाही. वाघाचं जंगल आहे, सूर्यास्तानंतर कुठेही थांबायला परवानगी नसते. राहण्याची सोय आधी पक्की करा, वन खात्याकडून आकाशदर्शनाबद्दल विचारून घ्या आणि सांगतील त्याच जागी थांबा. बफरमधल्या रस्त्याच्या कडेला चटई टाकून पडण्याचा विचारही नको. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी खिंडसी तलाव किंवा रामटेकच्या परिसरात मुक्कामाची जागा बघावी. तलावाच्या अगदी काठावर मात्र नको, पहाटे धुकं धरतं.

---

ट्रायपॉड (२३ नोव्हेंबर, सकाळी १०:३०)

फोटोवाल्यांसाठी थोडक्यात. १४ ते २४ मिमीची लेन्स, अॅपर्चर एफ २.८ किंवा त्याहून लहान आकड्याचं, आयएसओ १६०० ते ३२००, पंधरा ते वीस सेकंदांचा एक्स्पोजर, आणि इंटरव्हलवर कॅमेरा चालू ठेवून विसरून जायचं. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने लावून रिंगवर चिकटपट्टी मारा. तासाभरात लेन्सवर दव येतं, कळतही नाही, आणि सकाळी सगळे फोटो दुधाळ. लेन्सभोवती जुना लोकरी मोजा, त्यात गरम पाण्याची छोटी रबरी पिशवी, एवढं पुरतं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जास्तीची खिशात अंगाजवळ ठेवा.

आणि इतरांच्या डोळ्यांवर दया करा. कॅमेऱ्याची स्क्रीन, कारचे दिवे, डिकी उघडली की लागणारा दिवा, सगळं आधी बंद करून घ्या. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एका हेडलाइटमध्ये सगळं पाण्यात जातं. टॉर्चला लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळा.

---

धंतोलीकर_काकू (२३ नोव्हेंबर, सकाळी ११:१५)

आणि नेमकं कुठे बघायचं? नातू विचारतोय, पुनर्वसूकडेच टक लावून बसायचं का?

---

टेकडीवाला (२३ नोव्हेंबर, दुपारी १:००)

@काकू, नाही. समृद्धीवर रात्री गाडी चालवताना रस्त्यावरचे पांढरे पट्टे लांबच्या एका बिंदूतून फुटून आपल्याकडे येतात ना, तसंच इथे. कण समांतरच येतात, पण एका बिंदूतून फाकल्यासारखे दिसतात. त्या बिंदूजवळच्या उल्का आखूड, त्यापासून चाळीस-पन्नास अंश दूरच्या लांब आणि देखण्या. म्हणून आडवं पडायचं, पाय साधारण पूर्वेकडे आणि नजर मोकळी, वर. मृग, रोहिणी, ब्रह्महृदय यांच्या आसपासचा पट्टा उत्तम. नातवाला मृगाचा पट्टा दाखवा, त्यावरून व्याध आणि रोहिणी तो स्वतःच शोधेल. रात्री उशिरा पूर्वेला मघेजवळ ठळक न लुकलुकणारा दिसेल तो गुरू.

नातवाला एक गणितही द्या. उल्का जळते सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर. क्षितिजापासून तीस अंशांवर दिसली तर ती आपल्यापासून आडव्या अंतरात सुमारे १७० किलोमीटर दूर असते. म्हणजे रामटेकहून पश्चिमेला दिसलेली उल्का अमरावतीच्या आसपासच्या लोकांना डोक्यावर दिसलेली असू शकते.

मोजायचं असेल तर पंधरा-पंधरा मिनिटांचे गट करा. जिची रेघ मागे नेली की पुनर्वसूपाशी पोचते ती उल्का 'मि' (मिथुन), इतर दिशेची 'इ'. वही-पेन नको, मोबाइल उलटा ठेवून आवाज रेकॉर्ड करा, म्हणजे डोळे वरच राहतात. कोणत्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत होते हेही नोंदवा, कारण त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा हौशी नोंदी घेते आणि त्यांतूनच तो ताशीचा आकडा काढला जातो. तीन जण असाल तर प्रत्येकाने आपापलं मोजा, बेरीज करू नका. एकच उल्का तिघांनी पाहिलेली असते.

---

काटोलकर (२३ नोव्हेंबर, दुपारी २:१५)

आमच्या वावरात पाच-सहा जण झोपतील एवढी जागा आहे. पण टेकडीवाला भाऊंच्या हिशेबानं आमची दिशा चुकीची ना? पूर्वेला नागपूर.

---

टेकडीवाला (२३ नोव्हेंबर, दुपारी २:३०)

अहो काटोलकर भाऊ, काटोल नागपूरपासून पन्नास-साठ किलोमीटर. तिथवर नागपूरचा उजेड पार खाली क्षितिजाशी राहतो. माझं म्हणणं कळमेश्वरपर्यंतच्या पट्ट्याबद्दल होतं. बारानंतर तुमचं वावर कोणाहून कमी नाही.

---

इतवारीचा_पोट्टा (२३ नोव्हेंबर, दुपारी २:४१)

मग मी येऊन राहिलो काटोलला. झटका मशीन बंद ठेवजा भाऊ.

---

काटोलकर (२३ नोव्हेंबर, दुपारी २:५०)

मशीन बंद नाही होणार, डुकरं पूर्ण हरभरा खाऊन टाकतील. तू धुऱ्याच्या अलीकडं झोपजो. कांबळ आणजो दोन, इथं पहाटे सात-आठ डिग्री असते. सकाळी काटोलातच तर्री पोहे खाऊ.

---

वैदर्भी (२३ नोव्हेंबर, रात्री ९:००)

आम्ही सहा जण रामटेकला मुक्काम करतोय, रविवारी रात्री. एका गाडीत दोन जागा आहेत, धरमपेठेतून संध्याकाळी सहाला निघू. अधिवेशन चालू असलं तर रात्री नाकाबंदी असते, गाडीचे कागद सोबत ठेवा. ज्यांना यायचंय त्यांनी इथे नुसतं 'येतो' लिहा, नंबर व्यनितून (खासगी निरोपातून) घेते, धाग्यात कोणी टाकू नका.

---

शंकासुर (२३ नोव्हेंबर, रात्री ९:२०)

येतो. पण समजा ढग आले तर? डिसेंबरात अवकाळीची सवय लागलीय आपल्याला.

---

टेकडीवाला (२३ नोव्हेंबर, रात्री ९:४५)

रविवारी ढग असले तर सोमवार आहेच, दोन्ही रात्री जवळपास तोलामोलाच्या. १२ ला संध्याकाळी उपग्रहाचं चित्र बघून इथे लिहितो. दोन्ही गेल्या तर ४ जानेवारीची पहाट राखून ठेवा, क्वाड्रंटिड्स नावाच्या जानेवारीतल्या उल्कावर्षावासाठी. त्यांचा जोर जेमतेम काही तासांचा असतो, त्यामुळे बहुतेक वर्षी आपल्याकडे त्या वेळी दिवस तरी असतो नाही तर उगमबिंदू क्षितिजाखाली. या वेळी मात्र कळस आपल्या सकाळी, सूर्योदयानंतर थोड्या वेळाने येतोय, म्हणजे पहाटे तीन ते साडेपाच ही वेळ नेमकी चढतीची मिळेल. चंद्राची कोर बारीक, ती त्रास देणार नाही. त्यासाठी डिसेंबरच्या शेवटी वेगळा धागा काढतो, इथे रामटेक आणि काटोलचीच नावं येऊ द्या. @वैदर्भी, माझंही एक 'येतो' धरा.